उघडे यंत्र, गुप्त किल्ली

गुप्तलेखनाची कृती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुपित काय ते केवळ किल्लीत असावे, असा दंडक ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने १८८३ सालीच घालून दिला होता. परंतु सरकारी दप्तरांनी तो मनापासून मानावयास शतकाहून अधिक काळ जावा लागला. अमेरिकेने १९७७ साली अंगीकारलेल्या ‘डेस’ पद्धतीची कृती जाहीर होती खरी, तथापि तिच्या रचनेमागील कारणे गुलदस्त्यात राहिली, आणि तिची ५६ बिटांची किल्ली तर १९९८ साली एका खास बांधलेल्या यंत्राने एकेक शक्यता चाचपीत तीन दिवसांच्या आत हुडकून काढली.

तिच्या जागी नवी पद्धत नेमण्यासाठी तेथील मानक संस्थेने जगभरच्या जाणकारांना आवाहन केले, आणि आलेल्या १५ प्रस्तावांची छिद्रे काढण्याची मुभा प्रतिस्पर्ध्यांसह सर्वांस दिली. सरकारी कारभारात हा शास्त्रार्थसभेचा शिरस्ता विरळाच. २००० सालच्या ऑक्टोबरात योआन डाएमन आणि व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियन जोडीचे ‘राइनडाल’ पसंत झाले. तेच आजचे ‘एईएस’.

त्याच्या पोटात डोकावावे. मजकुराच्या एकेका तुकड्याचे १६ बाइट चार रांगा व चार स्तंभांच्या चौकटीत मांडले जातात आणि आरंभीच त्यांत किल्ली मिसळली जाते. मग प्रत्येक फेरीत कोष्टक पाहून बाइट बदलतात, ८३ असेल तेथे २३७ येतो; पहिली रांग जागीच राहते, पुढील तीन अनुक्रमे एक, दोन, तीन घरे सरकतात; शेवटची फेरी वगळता स्तंभ आपापल्यात कालवले जातात आणि किल्लीतून निघालेली त्या फेरीची उपकिल्ली मिसळते. एका बाइटातील फरक दोनच फेऱ्यांत सोळाही घरांत पसरतो. फेऱ्या मात्र, किल्ली १२८, १९२ वा २५६ बिटांची असेल त्याप्रमाणे, १०, १२ वा १४. तीच किल्ली हाती असलेला मनुष्य या साऱ्या क्रिया उलट क्रमाने फिरवून मूळ मजकूर परत मिळवितो. कोष्टकदेखील मनमानी नव्हे. ते गणिताच्या जाहीर नियमाने सिद्ध होत असल्यामुळे त्यात कोणी चोरवाट ठेवल्याचा संशय घेण्यास फारशी जागा उरत नाही.

एवढे असूनही वापरणाऱ्याच्या गाफीलपणावर यंत्राजवळ इलाज नाही. एकाच किल्लीखाली समान तुकड्यातून समानच गुप्ततुकडा निघतो. म्हणून एखादे चित्र तुकड्यातुकड्याने स्वतंत्रपणे गुप्त केले, तर रंग पालटूनही आकृतीची बाह्यरेषा खुशाल दिसत राहते. यास्तव प्रत्येक तुकड्यास मागच्या गुप्ततुकड्याशी जोडण्याची, किंवा कधीही पुन्हा न येणारा चढता क्रमांक गुप्त करून तो मजकुरात मिसळण्याची तजवीज वेगळी करावी लागते.