कृतिपत्रिका आणि तोंडीचे २० गुण

दहावीच्या मराठीला आता प्रश्नपत्रिका नाही, कृतिपत्रिका असते. उतारा समोरच छापलेला; त्यावरून चौकटी भरायच्या, आकृती पूर्ण करायची, मग ‘स्वमत’ लिहायचं. न वाचलेला, म्हणजे अपठित उताराही येतो. बारावीच्या ‘युवकभारती’ या पाठ्यपुस्तकात तर मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख असं उपयोजित लेखन आहे. हेतू एकच: घोकंपट्टी सुटावी.

सुटली का? अर्धीच. चौकट भरायला उताऱ्यातला शब्द उचलून ठेवला की पुरतं. अर्थ कळायलाच हवा असं नाही. आणि ‘स्वमत’ गाइडात तयार मिळतं! एकाच वर्गातल्या चाळीस जणांचं मत एकाच शब्दांत.

मार्च २०१९च्या परीक्षेत भाषांचे तोंडी-अंतर्गत २० गुण काढून पूर्ण १०० गुणांची लेखी घेतली. दहावीचा निकाल ८९.४१वरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, २० गुण परत आले. हे गुण खिरापतीसारखे वाटले जातात ही तक्रार खरीच. पण बोलणं आणि ऐकणं तपासायची जागाही तेवढीच आहे. मुलाला एक अनोळखी बातमी वाचायला देऊन दोनच मिनिटं तिच्यावर बोलायला लावलं, तर तिथे गाइड चालत नाही.