अंकाची किंमत जागेवर

समजा, पिंपळनेरच्या एका आबांनी कांदा विकला. वजन भरले दहा क्विंटल पन्नास किलो. भाव क्विंटलला १,००० रुपये. म्हणजे १०,५०० रुपये मिळायला हवेत. पट्टीवर मात्र वजन पडले १०.०५. आबांनी अंक पाहिले, पैसे मोजले आणि पट्टी खिशात घातली.

घरी सुनेने पट्टी वाचली. ती म्हणाली, "आबा, हे तर दहा क्विंटल पाच किलो झालं. आपला पंचेचाळीस किलो कांदा गेला कुठं?"

आबा म्हणाले, "अगं, एक, पाच आणि दोन शून्यं. सगळे अंक तर आहेत!"

अंक होते, पण जागा चुकली होती. त्यात साडेचारशे रुपये जात होते. आबा परत गेले आणि पट्टी दुरुस्त करून आले.

तेव्हा अंकांची घरे नीट ओळखू या. उजवीकडून पहिले घर एकाचे, मग दहाचे, शंभराचे, हजाराचे. डावीकडे एक घर सरकले की किंमत दहापट होते.

२०११ च्या जनगणनेत धुळे जिल्ह्याची लोकसंख्या होती २०,५०,८६२. एवढी मोठी संख्या कशी वाचायची? स्वल्पविराम बघा. उजवीकडचे तीन अंक वेगळे, मग दोन-दोन अंक. वीस लाख, पन्नास हजार, आठशे बासष्ट. यात २ हा अंक दोनदा आला आहे. शेवटचा २ म्हणजे दोनच माणसे. पहिला २ म्हणजे वीस लाख माणसे! अंक तोच, जागा वेगळी.

आणि शून्य? एस.टी.त रुमाल टाकून जागा धरतात ना, तसे शून्य रिकाम्या घराची जागा धरते. ते काढले तर बाकीचे अंक सरकतात.

आता टिंबाच्या उजवीकडे चला. तिथे पहिले घर दहाव्या भागाचे, दुसरे शंभराव्या, तिसरे हजाराव्या भागाचे. क्विंटलचा दहावा भाग म्हणजे १० किलो. शंभरावा भाग म्हणजे १ किलो. म्हणून १०.५० मधला ५ पन्नास किलोंचा आणि १०.०५ मधला ५ पाचच किलोंचा. दुकानातल्या काट्यावर ०.२५० दिसले तर पाव किलो, ०.०२५ दिसले तर फक्त २५ ग्रॅम.

ही विद्या आपल्या मुलखाला जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ लिहिला. त्यात अठरा घरांची नावे दिली आहेत. शेवटचे नाव परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये! पुढे त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला. तो आपल्या खानदेशातच, चाळीसगावजवळ पाटणे येथे. तिथल्या शिलालेखात तशी नोंद आहे.

आता तुम्ही सांगा बरे, ०.५ किलो जास्त की ०.२५ किलो? पंचवीस पाचापेक्षा मोठे, म्हणून घाई करू नका. ०.५ म्हणजे अर्धा किलो आणि ०.२५ म्हणजे पाव.

पट्टी असो, पासबुक असो, आधी टिंब कुठे आहे ते बघा. मग घरे मोजा. मगच सही करा.