ग्रिझली अस्वल आणि अरण्यांतील वाटसरू

इसापनीतींतील दोन मित्र व अस्वल यांची गोष्ट आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं लहानपणींच ऐकलेली असेल. अरण्यांत अस्वल दिसतांच एक मित्र झाडावर चढतो, दुसरा श्वास कोंडून भुईवर निपचित पडतो, आणि अस्वल त्यास हुंगून निघून जातें. गोष्टीचें तात्पर्य मैत्रीविषयीं आहे व तें आपल्या जागीं योग्यच आहे. परंतु अस्वलाच्या स्वभावाचा धडा म्हणून ती घेऊं गेल्यास अर्धी खरी व अर्धी खोटी ठरते. अस्वल मेलेल्या प्राण्यास शिवत नाहीं, ही समजूत तर साफ चुकीची आहे. मेलेला हरिण किंवा गवा सांपडला म्हणजे त्याची दिवाळीच होते. असें असूनही निपचित पडणारा मनुष्य कित्येकदां वांचतो. तो कां वांचतो, आणि कोणत्या प्रसंगीं वांचत नाहीं, हें पाहण्याकरितां आम्ही येथें उत्तर अमेरिकेंतील ग्रिझली अस्वलाचा विचार करणार आहों.

ग्रिझली ही तपकिरी अस्वलाचीच एक पोटजात होय. इ. स. १८०५ मध्यें लुइस व क्लार्क हे अमेरिकन सरकारनें पाठविलेले प्रवासी मिसूरी नदीच्या कांठाकांठानें पश्चिमेकडे जात असतां त्यांच्या तुकडीची या श्वापदाशीं वारंवार गांठ पडली. अनेक गोळ्या लागूनही तें अंगावर धांवून येतें हें पाहून त्या कसलेल्या शिकाऱ्यांची घमेंड बरीच उतरली. पुढें १८१५ सालीं जॉर्ज ऑर्ड या शास्त्रज्ञानें त्यास लॅटिन भाषेंत ‘हॉरिबिलिस’, म्हणजे भयंकर, असें नांव दिलें. परंतु या दोघांच्या गांठींत कोणाची अधिक हानि झाली हें पाहूं गेल्यास तें विशेषण कोणास द्यावें याचा आम्हांस संभ्रम पडतो. अलास्का सोडून बाकीच्या अमेरिकन संस्थानांत एके काळीं सुमारें ५०,००० ग्रिझली होतीं असा अंदाज आहे. बंदूक, सांपळे आणि विष यांपुढें तीं इतकीं कमी झालीं कीं, १९७५ सालीं त्यांस कायद्याचें संरक्षण द्यावें लागलें. आज त्या संस्थानांत दोन हजारांच्या आसपासच उरलीं आहेत, आणि तींही बहुतेक यलोस्टोन व ग्लेशियर या दोन राष्ट्रीय उद्यानांच्या भोंवतालच्या डोंगराळ मुलुखांत.

त्याच रानांत काळें अस्वल या नांवाचा दुसरा एक प्राणी राहतो. रंगावरून दोघांतील भेद ओळखूं जाणें व्यर्थ आहे. काळें अस्वल पुष्कळदां तपकिरी असतें, आणि ग्रिझली कधीं पिंगट तर कधीं काळपट. खरी खूण खांद्यावर असते. ग्रिझलीच्या दोन्ही खांद्यांच्या मध्यें मांसल उंचवटा असतो. तो पाहून आमच्या बैलाच्या वशिंडाची आठवण व्हावी. माती खणण्यास जें बळ लागतें तें या स्नायूंत साठलेलें असतें. तोंडवळा बशीप्रमाणें किंचित् आंत गेलेला, कान आंखूड व वाटोळे, आणि पुढच्या पायांचीं नखें दोन ते चार इंच लांब. हा भेद केवळ पंडितांच्या उपयोगाचा नाहीं. हल्ला झाल्यास कसें वागावें हें पुष्कळ अंशीं त्यावर अवलंबून असतें.

ग्रिझली माणसाच्या शोधांत फिरतें असें कोणास वाटत असेल तर तें खरें नव्हे. त्याचा दिवस पोट भरण्यांत जातो. गवत, कंदमुळें, रानबोरांसारखीं फळें, मासे, हरणांचीं पाडसें, हें तर तें खातेंच. शिवाय खारींनीं जमिनींत पुरून ठेवलेल्या देवदाराच्या जातींतील झाडांच्या बिया तें उकरून काढतें आणि डोंगरमाथ्यावरील दगड उलथून त्याखालचे पतंग वेंचतें. एक अस्वल एका दिवसांत असे ४०,००० पर्यंत पतंग खाऊं शकतें, असें अभ्यासकांनीं मोजलें आहे! हिंवाळ्यांत सुमारें पांच महिने गुहेंत निजून काढावयाचे असल्यामुळें शरद् ऋतूंत त्याची भूक अनावर होते. त्या निद्रेंतच मादी वितें; बहुधा दोन, क्वचित् तीन पिलें होतात, आणि तीं दोन-तीन वर्षें आईच्या मागें फिरतात. पिलें जवळ असलेली आई, आपल्या शिकारीवर बसलेलें अस्वल, आणि अकस्मात् अगदीं समोर येऊन दचकलेलें अस्वल, हीं तीन धोक्याचीं स्थळें होत. या तिन्ही प्रसंगीं तें खाण्याकरितां झडप घालीत नाहीं. आपल्यावर आलेलें संकट नाहींसें करण्याकरितां घालतें.

मग अस्वल तंबूंत शिरून निजलेल्या मनुष्यास ओढून नेतें, तें कां? ह्याचें उत्तर ग्लेशियर उद्यानाच्या इतिहासांत आहे. हें उद्यान १९१० सालीं स्थापन झालें, आणि पुढें ५७ वर्षें तेथें ग्रिझलीनें एकाही मनुष्याचा प्राण घेतला नव्हता. १३ ऑगस्ट १९६७ च्या रात्रीं मात्र, एकमेकांपासून कित्येक मैल दूर असलेल्या दोन ठिकाणीं, दोन निरनिराळ्या अस्वलांनीं उघड्यावर निजलेल्या दोन तरुणींस थोड्या तासांच्या अंतरानें ठार केलें. दोघीही एकोणीस वर्षांच्या होत्या. एवढा विलक्षण योगायोग कसा घडला, याची चौकशी झाली तेव्हां तो निव्वळ योगायोग नव्हता असें दिसून आलें. ग्रॅनाइट पार्क या ठिकाणीं डोंगरावरील विश्रामगृहाच्या मागें स्वयंपाकघरांतील उष्टें-खरकटें टाकीत असत, आणि रात्रीं तें खावयास येणारीं अस्वलें पाहणें ही तेथील पाहुण्यांची करमणूक होती. दुसरें ठिकाण ट्राउट सरोवर. तेथें तर एक अस्वल उन्हाळाभर प्रवाशांच्या मुक्कामांवर येऊन त्यांचें अन्न पळवीत होतें. माणसाचा वास म्हणजे भय, हा रानांतला जुना धडा हीं अस्वलें विसरलीं होतीं, व माणसाचा वास म्हणजे अन्न, हा नवा धडा त्यांस माणसांनींच पढविला होता.

यलोस्टोनमध्येंही प्रकार निराळा नव्हता. कचऱ्याच्या ढिगावर जेवणारीं अस्वलें पाहण्यासाठीं तेथें एके काळीं प्रेक्षकांकरितां बांकडीं मांडलीं होतीं! १९६७ नंतर हे उकिरडे बंद करण्याचें ठरलें. फ्रँक व जॉन क्रेगहेड हे दोघे बंधु १९५९ पासून तेथें ग्रिझलीचा अभ्यास करीत होते. उकिरडे एकदम बंद न करतां हळू हळू बंद करा, नाहींतर भुकेलीं अस्वलें मुक्कामांत शिरतील, असें त्यांनीं बजावलें. तें मानलें गेलें नाहीं, आणि पुढील थोड्या वर्षांत पुष्कळ अस्वलांस मरावें लागलें. उकिरडे बंद करणें योग्यच होतें. परंतु माणसानें लावलेल्या संवयीची शिक्षा एकट्या अस्वलानें भोगावी यांत आम्हांस न्याय दिसत नाहीं.

तेव्हांपासून अन्नाची व्यवस्था हा त्या रानांतला पहिला नियम झाला. अन्न, भांडीं, खरकटें, साबण, दांतांची पेस्ट, जें जें म्हणून वास देतें तें तंबूंत ठेवावयाचें नाहीं. चूल व तंबू यांत निदान १०० यार्ड अंतर असावें. अन्नाची पिशवी जमिनीपासून १० फूट उंच आणि झाडाच्या बुंध्यापासून ४ फूट दूर अशी दोरीनें टांगावी, किंवा अस्वलास फोडतां येणार नाहीं अशा भक्कम डब्यांत ठेवावी. स्वयंपाकाचे कपडे अंगावर ठेवून निजूं नये. अस्वलाचें नाक किती तीक्ष्ण असतें हें ज्यास ठाऊक आहे त्यास हे नियम सोंवळ्यासारखे कडक वाटले तरी निरर्थक वाटणार नाहींत.

चालतांना एकटें जाऊं नये. तिघे किंवा अधिक असावे. मोठ्यानें बोलावें, टाळ्या वाजवाव्या, विशेषतः वळणावर, दाट झाडींत आणि खळाळत्या ओढ्याजवळ, जेथें आपली चाहूल त्यास लागत नाहीं. पुष्कळ लोक पायांस किंवा पिशवीस घुंगुर बांधतात. परंतु त्यांचा किणकिणाट फार दूर जात नाहीं, माणसाचा आवाज अधिक उपयोगी पडतो. कोठें सडलेल्या मांसाचा वास आला किंवा कावळे घिरट्या घालतांना दिसले तर तेथूनच मागें फिरावें. अस्वल दिसलें तरी १०० यार्डांच्या आंत जाऊं नये, असा यलोस्टोनचा कायदाच आहे.

येथें आम्हांस आमच्याकडील मेळघाट व चांदा भागाची आठवण होते. तेथील अस्वल निराळ्या जातीचें, वाळवी खाणारें. पण मोहाचीं फुलें त्यासही प्रिय आणि गरीब गांवकऱ्यासही. चैत्रांत उजाडण्यापूर्वीं दोघेही एकाच झाडाखालीं खालीं मान घालून वेंचीत येतात, आणि मान वर होते तेव्हां फार उशीर झालेला असतो. घरीं चूल पेटण्याची ज्यास विवंचना त्यास आम्ही रानांत जाऊं नको असें कोणत्या तोंडानें सांगावें? परंतु दोघां-तिघांनीं मिळून, चांगलें उजाडल्यावर, हांका मारीत जावें, एवढें सांगणें गैर होणार नाहीं.

अमेरिकेंतील प्रवाशापाशीं आणखी एक साधन असतें, तें म्हणजे तिखटाचा फवारा. मिरचीस तिखटपणा देणारें कॅप्सेसिन नांवाचें द्रव्य दाब देऊन एका लहान डब्यांत भरलेलें असतें. (मिरची ही मूळची अमेरिकेचीच, आमच्या पूर्वजांस ती पोर्तुगीजांमुळें मिळाली.) अस्वल सुमारें ३० ते ६० फुटांवर आलें म्हणजे त्याच्या तोंडाच्या किंचित् खालीं रोख धरून फवारा सोडावयाचा, म्हणजे त्या लाल धुक्यांतून त्यास यावें लागतें, डोळे व नाक यांची आग होऊन तें बहुधा मागें फिरतें. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अलास्कांतील एका पाहणींत तपकिरी अस्वलांविरुद्ध हा उपाय शेंकडा ९२ वेळां यशस्वी झाल्याचें आढळलें. हा डबा पिशवीच्या तळाशीं असल्यास त्याचा उपयोग शून्य; तो कमरेस, हाताशीं पाहिजे. कांहीं भोळे लोक डासांच्या औषधाप्रमाणें हें द्रव्य आपल्या कपड्यांवर व तंबूवर शिंपडतात असें ऐकतों. त्यानें रक्षण होत नाहीं. उलट त्या वासानें अस्वल कुतूहलानें जवळ येण्याचा संभव असतो.

हा सर्व विचार वाचून कोणी घाबरूं नये. यलोस्टोनच्या अधिकाऱ्यांनीं १९७९ पासूनचा हिशेब मांडला आहे. त्याप्रमाणें सुमारें २७ लाख भेटींमागें एका मनुष्यास ग्रिझलीकडून इजा होते. तेथें नदींत बुडून मेलेलेच कितीतरी अधिक.

आतां प्रत्यक्ष गांठ पडल्यास काय करावें? पळूं नये. ग्रिझली ताशीं ३५ मैलांच्या वेगानें धांवतें, आणि उतरणीवर त्यास धांवतां येत नाहीं ही समजूत खोटी आहे. झाडावर चढण्याचा मोहही टाळावा. चढण्याच्या गडबडीमुळें तें अधिक चेवतें, आणि ग्रिझलीसही खालच्या फांद्या धरून बरेंच वर येतां येतें. हलक्या आवाजांत बोलत, डोळ्याला डोळा न भिडवितां, पावलापावलानें मागें सरावें. पुष्कळदां तें धांवून येतें व जवळ येऊन थांबतें. ती नुसती हूल असते. तेव्हां जागच्या जागीं उभें राहून फवारा सोडावा. इतकेंही करून त्यानें अंगाला स्पर्श केलाच, तर मात्र पालथें पडावें, पाठीवरील पिशवी काढूं नये, दोन्ही हातांची बोटें मानेमागें गुंतवावीं, आणि पाय फांकून ठेवावे, म्हणजे त्यास उताणें करणें कठीण जातें. संकट टळलें असें वाटलें कीं तें सोडून देतें. इसापाचा दुसरा मित्र वांचला तो याच कारणानें.

परंतु रात्रीं तंबूंत शिरणारें, किंवा दिवसा शांतपणें दबा धरून मागें मागें येणारें अस्वल माणसास संकट समजत नसून भक्ष्य समजतें. त्याच्यापुढें निपचित पडणें म्हणजे ताट वाढून ठेवणेंच होय. तेथें दगड, काठी, सुरी, जें हातीं येईल त्यानें नाकाडोळ्यांवर मारीत लढलें पाहिजे. काळ्या अस्वलानें हल्ला केल्यासही हाच नियम. बाकीच्या प्रसंगीं, तें निघून गेलें असें वाटतांच उठण्याची घाई करूं नये. तें थोड्या अंतरावर थांबून पाहत असतें, आणि हालचाल दिसतांच परततें. म्हणून बराच वेळ तसेंच पडून राहावें, मग मान न उचलतां डोळ्यांनींच सभोंवार पाहावें, आणि तें गेल्याची खात्री झाल्यावर तें ज्या दिशेस गेलें असेल तिच्या उलट दिशेनें चालूं लागावें.