कॅमेऱ्याला तारण काय?

परवा बारामतीहून भाचजावई मुलाला घेऊन आले. मुलगा नुकताच बारावी झालेला. चहा होताच त्यांनी विषय काढला, "मामा, ह्याला फिल्म, व्हिडिओ, फोटोग्राफी शिकायचीय. तुम्ही बँकेत होतात, कादंबऱ्याही लिहिता. तुम्हीच सांगा, ह्यात पोट भरतं का?"

मला इंदापूरची शाखा आठवली. साल 1991. एक तरुण व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी कर्ज मागायला आला होता. ऊस, म्हैस, विहिरीवरची मोटार यांचे हिशेब मला तोंडपाठ. कॅमेऱ्याचा काही जमेना. "लग्नसराई चार महिने. उरलेले आठ महिने हप्ता कुठून भरणार?" असं म्हणून मी अर्ज परत केला. त्यानं आईच्या पाटल्या मोडून कॅमेरा घेतला. पुढं कधीतरी भेटला तेव्हा म्हणाला, "साहेब, धंदा चालला. पण शिकवणारं कुणी नव्हतं, लोकांच्या लग्नांत चुकत शिकलो. एका मुलीच्या पाठवणीची टेप कोरी निघाली. तिचे वडील पुढच्याच वर्षी गेले."

माझा हिशेब कुठं चुकला, ते तेव्हा कळलं. कॅमेऱ्याला तारण असतं ते शिक्षणाचं. दादासाहेब फाळके जे. जे.मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला. तरीही 1912 साली विम्यावर कर्ज काढून ते लंडनला शिकायला गेले, तेव्हा कुठं 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

पुण्यात 'प्रभात'च्या जागेवर 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. पण तिथं जागा मोजक्या. म्हणून काही अडत नाही. उजनीच्या पलीकडच्या काठावर करमाळा तालुक्यातलं जेऊर आहे. तिथले नागराज मंजुळे नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कॉलेजात संज्ञापन शिकले. शिकतानाच केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' आणि 'सैराट' नंतरचे.

आपल्या काठावर काय दिसतं? हिवाळ्यात भिगवणजवळ रोहित पक्षी उतरतात. शहरांतून हातभर लांब लेन्सा घेऊन मंडळी येतात. पक्षी कुठं बसेल, ऊन कधी तिरपं होईल, हे होडी वल्हवणाऱ्या पोराला ठाऊक. फोटो मात्र पाहुण्यांचा. नजर आपली आणि यंत्र दुसऱ्याचं, हे किती दिवस चालायचं?

म्हणून जावयांना म्हटलं, "पोट भरतं का, हा प्रश्न रास्तच आहे. पण तो कॉलेजला जाऊन विचारा. डिग्री विद्यापीठाची आहे का? नसेल तर बँकेचं शैक्षणिक कर्जही अवघड. किती मुलांमागं कॅमेरे किती? एडिटिंगला मुलगा स्वतः बसणार, की मागं उभा राहून बघणार? प्रकाश आणि आवाज शिकवतात का? शिकवणाऱ्यानं स्वतः काय केलंय? बाहेर पडताना मुलाच्या हातात कागदाबरोबर स्वतः पुरी केलेली एखादी फिल्म असेल का? आणि कोटेशन, करार, जीएसटी हे कोण शिकवणार? कलेइतकंच हेही लागतं."

मुलगा इतका वेळ गप्प होता. आता खिशातून कागद काढून त्यानं प्रश्न लिहून घेतले. मला बरं वाटलं.

"आणि कर्जाला जामीन लागला तर?" जावयांनी दबकत विचारलं.

"मी राहतो," म्हणालो. इंदापूरच्या शाखेतलं एक जुनं देणं माझ्या खाती अजून बाकी आहे.