पार्टी कोणाची?

चाकणच्या कारखान्यात माल भरून होतो, ताडपत्री बांधली जाते, आणि डिस्पॅचचा माणूस बिल्टी हातात देताना सहज विचारतो, "ट्रान्सपोर्टवाला किती देतो रे तुला? थेट लाव की गाडी आमच्याकडे." एक-दोन गाड्यांच्या मालकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच. कोणी विचारला नाही तरी तो त्याच्या मनात घोळत असतो. गाडी माझी, डिझेल माझे, रात्रभर जागणारा चालक माझा. मग पार्टी, म्हणजे भाडे देणारे गिऱ्हाईक, तेवढी ट्रान्सपोर्टरची कशी?

नुसत्या नीतीच्या गप्पांनी याचे उत्तर मिळत नाही. एका फेरीत पैसा कोणाकडून निघतो, कोणाकडे अडकतो आणि माल बुडाला तर कोणाच्या अंगावर येतो, हे आधी पाहावे लागते.

पुण्याहून होसूरला यंत्रांचे सुटे भाग जायचे आहेत असे धरू. कारखान्याने वर्षभराचा दर ठरवून एका ट्रान्सपोर्टरला काम दिलेले असते. त्याच्या स्वतःच्या गाड्या थोड्या; बाकीच्या दोन वाटांनी येतात. काही 'अटॅच' असतात, म्हणजे मालक दुसरा, पण गाडी महिनोन्महिने त्याच ट्रान्सपोर्टरच्या कामावर. उरलेल्या 'मार्केट'मधल्या, म्हणजे ब्रोकरला फोन करून एका फेरीपुरत्या घेतलेल्या. कळंबोली असो, भिवंडी असो, वाळूज असो की बुटीबोरी, रीत साधारण हीच. अटॅच आणि मार्केट हा फरक लक्षात ठेवावा, कारण नीतीचा बराचसा प्रश्न त्यावरच ठरतो.

गाडी कोणाचीही असो, बिल्टी, म्हणजे मालासोबतची वाहतूक पावती (एलआर), ट्रान्सपोर्टरच्या नावाची असते, आणि जबाबदारी या कागदामागोमाग जाते. रस्ता वाहतुकीसाठीचा 'कॅरेज बाय रोड' कायदा २००७चा. तो २०११मध्ये लागू झाला आणि १८६५चा जुना कायदा गेला. नव्या कायद्याप्रमाणे भाड्याने लोकांचा माल नेण्याचा धंदा करणाऱ्याला नोंदणी लागते. माल पाठवणाऱ्याकडून मालाचा तपशील लेखी घ्यावा लागतो आणि माल ताब्यात घेतल्याची पावती द्यावी लागते. माल हरवला किंवा खराब झाला, तर वाहतूकदाराने निष्काळजीपणा केला हे सिद्ध करत बसण्याची वेळ माल पाठवणाऱ्यावर येत नाही. भरपाईची मर्यादा एरवी भाड्याच्या दहापट असते. पाठवणाऱ्याने जास्त किंमत जाहीर करून जादा दर मान्य केला असेल, तर त्याहूनही वर जाते. म्हणजे साठ हजारांच्या भाड्यावर सहा लाखांपर्यंतचा दावा उभा राहू शकतो, आणि कारखाना तो आधी बिल्टीवर ज्याचे नाव आहे त्याच्याकडे मागतो. गाडीमालकाच्या वाहन विम्यात गाडी येते, तिसऱ्या पक्षाचे नुकसान येते. आतला माल त्यात येत नाही.

आता पैसा. समजा, कारखाना ट्रान्सपोर्टरला या फेरीचे साठ हजार देतो आणि ब्रोकरची दलाली जाऊन गाडीमालकाच्या हाती बावन्न हजार पडतात. त्यातला मोठा हिस्सा तो गाडी भरताच अॅडव्हान्स म्हणून घेतो, बाकी भाडे पोच दिल्यावर. तिकडे कारखाना ट्रान्सपोर्टरचे बिल साठ दिवसांनी चुकते करतो. म्हणजे मधले दोन महिने ट्रान्सपोर्टरचा पैसा गाडीमालकाच्या डिझेलच्या टाकीत असतो.

हीच गाडी थेट लावली तर काय होईल? डिझेल, टोल, चालकाचा भत्ता आणि वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) मिळून जाण्याचा खर्च तीस हजार धरू आणि महिन्याला चार फेऱ्या. साठ दिवसांच्या उधारीत पहिले बिल हातात येईपर्यंत आठ फेऱ्या होऊन गेलेल्या असतात, आणि गाडीमालकाच्या खिशातून दोन लाख चाळीस हजार बाहेर गेलेले असतात. गाडीचा हप्ता त्याहून वेगळा. परतीचे भाडे चांगले मिळाले तर भार हलका होतो, पण ते रोज मिळतेच असे नाही. याच आठ फेऱ्यांत मधल्या माणसाचा हिस्सा चौसष्ट हजार होतो. अडकलेल्या पैशाचे व्याज वजा केले तरी आकडा थेट भाड्याच्या बाजूने झुकतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. म्हणूनच मोह खरा आहे. पण त्या चौसष्ट हजारांत सहा लाखांच्या दाव्याची जोखीम धरलेली नाही. कारखान्याला एकाच दिवशी दहा गाड्या लागल्या तर त्या कुठून आणणार, तेही त्यात नाही. आपली गाडी तुमकुरूजवळ बंद पडली, तर दुसरी गाडी शोधून ई-वे बिलाच्या 'पार्ट बी'मध्ये तिचा नंबर भरून माल वेळेत पोचवायचा कोणी, तेही नाही. ट्रान्सपोर्टर या गोष्टी करत असेल, तर त्याचा हिस्सा फुकटचा नाही.

करत असेल तर, असे मी मुद्दाम म्हणतो. काही जण यातले काहीच करत नाहीत. त्यांच्याकडे मी पुढे येतो.

गाडी सध्या ज्याच्या कामावर आहे त्याच्याच पार्टीला त्या काळात 'मी थेट येतो, तुम्हाला स्वस्तात देतो' असे सांगणे चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दिवशी गाडीमालक गेटच्या आत गेला तो ट्रान्सपोर्टरच्या नावावर. गेटपास त्या नावाचा, विश्वास त्या नावाचा. त्या विश्वासाच्या आड उभे राहून त्याचीच पार्टी फोडायची, तर ज्याने दार उघडून दिले त्याच्याच घरात हात घातल्यासारखे आहे. ट्रान्सपोर्टरच्या बिलाचा मोबाइलवर फोटो काढून त्याचा दर पाहणे आणि त्याहून हजार रुपये कमी सांगणे तर आणखी वाईट, कारण तो दर गाडीमालकाने कमावलेला नाही, उचललेला आहे. आणि डिस्पॅचच्या माणसाला दर फेरीमागे पाकीट देऊन थेट काम मिळवले, तर 'पार्टी कोणाची' हा वादच राहत नाही. ती लाच आहे आणि ती कारखान्याच्या मालकाचीही फसवणूक आहे.

अटॅच गाडीवर हे बंधन अधिक घट्ट, कारण तिला रोजचे काम मिळेल अशी हमी ट्रान्सपोर्टरने दिलेली असते. मार्केटच्या गाडीचा संबंध एका फेरीपुरता. फेरी संपली, पोच दिली, बाकी भाडे मिळाले, की तिचे देणेघेणे संपले. सहा महिन्यांनी त्या मालकाने रीतसर जाऊन त्याच कारखान्याकडे काम मागितले, तर मी त्याला दोष देणार नाही.

कायद्याचे म्हणणेही याच रेषेवर जाते. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ सांगते की कोणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. धंद्याचा नावलौकिक (गुडविल) विकताना केलेला करार हा त्याला अपवाद. पण करार चालू असतानाचे बंधन न्यायालये वेगळे मानतात. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधील पर्यवेक्षक निरंजन गोळीकरी पाच वर्षांचा करार अर्ध्यात सोडून कोट्याच्या दुसऱ्या रेयॉन कंपनीत गेले, तेव्हा १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या मुदतीपुरते बंधन योग्य ठरवले. उलट २००६ मध्ये श्रीरामपूरचा गोलंदाज झहीर खान आणि त्याचे व्यावसायिक हक्क सांभाळणारी कंपनी यांच्या खटल्यात, करार संपल्यानंतरही लागू राहू पाहणारी अट त्याच न्यायालयाने अमान्य केली. रस्त्यावरच्या धंद्याला हे जसेच्या तसे लावता येईल असे नाही, पण दिशा स्पष्ट आहे. चालू कामात पार्टी न फोडण्याचा करार पाळावा लागेल. 'काम सोडल्यावरही तीन वर्षे आमच्या पार्टीकडे जायचे नाही' अशी अट कोणी लिहून घेतली, तर ती टिकण्याची आशा फार कमी.

अडचण अशी की मार्केटच्या गाड्यांशी लेखी करार सहसा नसतोच. सगळे फोनवर ठरते. त्यामुळे कायदा दूर राहतो आणि उरतो तो शब्द.

परतीच्या भाड्याचा गुंता वेगळा आहे. होसूरला माल उतरवल्यावर तिथल्या कारखान्याकडे 'पुण्याचा काही माल आहे का' असे विचारणे हे पार्टी फोडणे आहे का? माझ्या मते इथे बिल्टीवर पाहावे. बिल्टी 'पेड' असेल किंवा 'टीबीबी', म्हणजे भाडे पाठवणाऱ्याच्या खात्यावर बिल होणार असेल, तर उतरवून घेणारा कारखाना ट्रान्सपोर्टरचे गिऱ्हाईक नाही. त्याच्याकडे परतीचा माल मागण्यात काही गैर नाही; रिकामी गाडी साडेआठशे किलोमीटर परत आणण्यात कोणाचेच भले नाही. पण बिल्टी 'टू पे' असेल, तर भाडे उतरवून घेणाराच देतो. मग खरी पार्टी तोच. अशा वेळी आधी ट्रान्सपोर्टरला एक फोन करावा. बहुतेक वेळा तो 'घे की' म्हणतो, कारण त्या बाजूचा माल त्याच्याकडे नसतोच. विचारून घेतलेले भाडे आणि लपून घेतलेले भाडे यांत पैसे तेवढेच मिळतात, पण पुढच्या वेळी फोन पहिल्यालाच येतो.

आता ट्रान्सपोर्टरकडे. पोच महिनाभरापूर्वी दिली तरी बाकी भाडे अडवणे, चार-चार दिवस गाडी उभी ठेवून हॉल्टिंग न देणे, पार्टीकडून हॉल्टिंग वसूल करून ते गाडीमालकापर्यंत पोचूच न देणे, मालात तूट नसताना पैसे कापून घेणे: हे प्रकार या धंद्यात सर्रास होतात, आणि ज्यांचे पैसे असे अडकतात त्यांच्या घरचा हप्ता थांबतो. असा ट्रान्सपोर्टर 'माझी पार्टी' म्हणून ओरडतो तेव्हा त्याच्या तक्रारीला फार वजन उरत नाही. तरीही त्याच्या अन्यायावर उपाय म्हणजे हिशेब मागणे, लेखी नोटीस देणे आणि काम सोडणे. त्याच्या बिल्टीवर चालत राहून आतून पार्टी काढून घेणे हा उपाय नाही. काम सोडल्यानंतर मात्र उघडपणे त्याच दारात जाता येते.

याबाबतीत अमेरिकेची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथेही स्वतःचा ट्रक कंपनीच्या कामावर लावणारे हजारो मालक-चालक आहेत, आणि तिथल्या करारांतही कंपनीचे गिऱ्हाईक थेट गाठू नये अशी कलमे असतात. पण केंद्रीय नियम कंपनीलाही बांधतो. करार लेखीच हवा, ठरलेले कागद दिल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यायला हवेत, आणि मोबदला भाड्याच्या टक्केवारीवर असेल तर गिऱ्हाईकाला लावलेल्या भाड्याचे बिल गाडीमालकाला दाखवायला हवे. मधल्या माणसाचा हिस्सा किती हे समोर दिसले, की संशय कमी होतो आणि पार्टी फोडण्याचा मोहही.

कोणाला खरोखरच थेट धंद्यात उतरायचे असेल, तर रस्ता सरळ आहे. स्वतःच्या नावाची बिल्टी काढायची म्हणजे वाहतूकदार म्हणून नोंदणी करायची, ई-वे बिलाच्या पोर्टलवर ट्रान्सपोर्टर आयडी घ्यायचा, मालाच्या जबाबदारीचा वेगळा विमा उतरवायचा. बिल्टी काढणारा जीएसटीमध्ये 'गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी' ठरतो, म्हणून करसल्लागाराशी आधी बोलायचे. उद्यम नोंदणी जरूर करावी. २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे अडकवता येत नाहीत. कारखाने हे नेहमी पाळतात असे नाही, पण मागणी करायला कायद्याचा आधार मिळतो. दोन महिन्यांच्या फेऱ्यांचा खर्च भागेल इतकी रक्कम हाताशी ठेवायची आणि मग सध्याच्या ट्रान्सपोर्टरला स्पष्ट सांगायचे: "शेठ, अमुक तारखेपासून माझी गाडी मोकळी. पुढे मी स्वतःचे काम बघणार आहे." पहिली पार्टी शक्यतो त्याची नसलेली शोधावी. ती कायद्याची सक्ती नाही, पण त्या दिवसानंतरही त्याच नाक्यावर, त्याच ब्रोकरांमध्ये आणि त्याच टर्मिनलवर उभे राहायचे असते.

आणि गेटवर तो प्रश्न आलाच, तर डिस्पॅचच्या माणसाला इतकेच सांगावे: "साहेब, आज मी त्यांच्या बिल्टीवर आहे. माझी गाडी मोकळी झाली की रीतसर येऊन भेटतो." ज्या कारखान्याला चांगली गाडी आणि खरा माणूस हवा आहे, तो एवढ्यासाठी थांबतो. ट्रान्सपोर्टर बंधूंना विनंती अशी की बाकी भाडे पोच मिळाल्यापासून आठ दिवसांत द्या, हॉल्टिंगचा कागद गाडीमालकाला दाखवा, आणि पार्टीबाबतची अट पहिल्याच फेरीला लेखी ठेवा.