पाठीवरचे उंचवटे : कासवाच्या पिलाचे घर कसे असावे?

देवळाच्या सभामंडपात शिरताना फरशीत बसवलेल्या दगडी कासवाला हात लावून पुढे जाण्याची आपल्याकडे रीत आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्पर्शाने त्याची पाठ गुळगुळीत झालेली असते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या वाड्याच्या परसात जे जिवंत कासव फिरते, त्याची पाठ मात्र तशी नाही. तिच्यावर टेकड्यांसारखे उंचवटे आहेत. घरी आलेल्या पाहुण्यांची मुले कुतूहलाने विचारतात, "आजी, याच्या पाठीवर हे डोंगर कुणी केले?" आणि दर वेळी मला खरे उत्तर द्यावे लागते, "आम्हीच केले, बाळांनो."

त्याचे असे झाले. आठ वर्षांपूर्वी माझ्या मुलाने सुलकाटा जातीच्या आफ्रिकी कासवाचे पिलू घरी आणले. लिंबाएवढा तो जीव. तराजूत घातला तेव्हा ३५ ग्रॅम भरला. विकणाऱ्याने बजावून सांगितले होते, "हा वाळवंटातला प्राणी. कोरडा ठेवा. ओल लागली की सर्दी होऊन मरेल." आम्ही ते प्रमाण मानले. उघडे लाकडी खोके, तळाशी वाळू, वर एक दिवा, असा संसार मांडून दिला. बाहेर ग्वाल्हेरचा वैशाख, अंगाची लाही करणारी लू, आणि आत दिव्याची धग! पिलू जगले, हे त्याचे नशीब. वर्षभरात मात्र त्याच्या पाठीवरचे एकेक खवले मध्यभागी उंच होऊ लागले. पशुवैद्यांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, "याला तुम्ही खायला कमी घातले नाही, हवेतला ओलावा कमी घातला. झाले ते आता पुसता येणार नाही. पुढचे मात्र तुमच्या हातात आहे."

गेल्या हिवाळ्यात इंदूरहून माझ्या भाच्याचा फोन आला. त्याच्याकडे असेच एक पिलू येणार होते. "मावशी, तुझी चूक मला नीट समजावून सांग, म्हणजे ती मला नव्याने करायला नको," असे तो म्हणाला. मी आठ दिवस इंदूरला जाऊन राहिले आणि पिलू येण्याआधी आम्ही दोघांनी मिळून त्याचे घर उभे केले. त्याच अनुभवावर हा लेख लिहिला आहे.

आधी कायदा, मग हौस

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. आपल्या देशातले तारा-कासव, म्हणजे ज्याच्या काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असतात ते, घरी पाळणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले असून २०१९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे. गुजरात, आंध्र आणि कर्नाटक येथील कोरड्या माळरानांवर ते आढळते. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या उंबरठ्यापासून ते फार दूर नाही. 'घरात कासव असले की लक्ष्मी नांदते' या समजुतीपायी ही पिले चोरून विकली जातात. लक्ष्मीसाठी घरात चोरीचा माल ठेवावा, हे कोणत्याच शास्त्रात बसणारे नाही. असे कासव कुठे सापडले तर वनखात्याला कळवावे.

सुलकाटा ही परदेशी जात आहे. तरी तिचाही व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित केलेला आहे. २०२४ साली झालेल्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने सरकारदरबारी त्याची नोंदणी केली पाहिजे. कागदपत्रे नसलेले पिलू कितीही गोजिरवाणे असले तरी घेऊ नये. भाच्याने कागद आधी मागितले, पिलू नंतर.

वाळवंटातले, पण बिळातले

सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेने सेनेगलपासून सुदान-इथिओपियापर्यंत जो कोरडा गवताळ पट्टा पसरला आहे, तो या कासवाचा मुलूख. विकणाऱ्याचे अर्धे म्हणणे त्यामुळे खरेच होते. पण या कासवाला उन्हातान्हात उघड्यावर पडून राहण्याची सवय नसते. ते जमिनीत कित्येक मीटर लांबीचे बीळ खोदते आणि दिवसाचा कडक प्रहर तिथे घालवते. बिळातली हवा वरच्या हवेपेक्षा दमट असते. पिले तर गवताच्या बुडाशी, मातीच्या भेगांत, जिथे ओल टिकून असते तिथे दडून वाढतात. आम्ही नकाशावरचे वाळवंट पाहिले, त्याच्या पोटातले बीळ पाहिले नाही.

२००३ साली व्हिएन्ना येथील वीसनर व इबेन या दोन संशोधकांनी याच जातीची नुकतीच जन्मलेली ५० पिले पाच महिने वाढवून पाहिली. कुणाला कोरडी हवा दिली, कुणाला दमट. आहारातील प्रथिनांचे प्रमाणही निरनिराळे ठेवले. पाठीवरच्या उंचवट्यांचा दोष तोवर बहुधा प्रथिनांच्या माथी मारला जात असे. निष्कर्ष निघाला तो असा, की प्रथिनांचा परिणाम किरकोळ, खरा परिणाम हवेतील आर्द्रतेचा. दमट हवेतल्या पिलांच्या पाठी अधिक सपाट राहिल्या. कोरड्या हवेत खवल्याची नवी, कोवळी कड अकाली वाळून ताठ होते आणि पुढची वाढ बाजूला पसरण्याऐवजी थरावर थर चढत जाते, असे याचे कारण सांगितले जाते.

खोके : झाकण हेच मर्म

आमच्या पहिल्या खोक्यातली मोठी चूक म्हणजे ते वरून उघडे होते. खाली दिवा लावून वर तोंड उघडे ठेवले की खोक्याचे धुराडे होते. ऊन हवा वर निघून जाते आणि जाताना ओलही घेऊन जाते. मग कितीही पाणी शिंपडा, तासाभरात सारे कोरडे.

इंदूरला भाच्याने चार फूट लांब व दोन फूट रुंद अशी माशांची जुनी काचपेटी वापरली. वर ॲक्रिलिकचे झाकण बसवले आणि हवा खेळण्यापुरती बारीक छिद्रे पाडली. काचेच्या खालच्या भागाला बाहेरून जाड तपकिरी कागद चिकटवला. पारदर्शक भिंत पिलाला कळत नाही. ते तिच्यावर धडका देत राहते. अशी काचपेटी उन्हात मात्र कधीही ठेवू नये. काही मिनिटांत तिची भट्टी होते.

तळाशी चार बोटे जाडीचा नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे बागवाल्यांकडे मिळणारे कोकोपीट, घातले. त्यात क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन वेळा धुऊन, पिळून मगच पसरावे. वाळू नको, ती पोटात गेली की अडते. एका कोपऱ्यात फुटकी कुंडी आडवी ठेवून पिलाला लपायला गुहा केली. कुंडीखालची उथळ मातीची थाळी पाण्यासाठी जमिनीबरोबर बसवली. गुळगुळीत, उंच काठाची ताटली नको. पिलू उताणे पडले तर बोटभर पाण्यातही बुडू शकते.

ऊब आणि ओल : दोघी जुळ्या बहिणी

ओलीने सर्दी होते, हे विकणाऱ्याचे वाक्य अपुरे होते. थंड ओलीने होते. उबदार ओलीने होत नाही. म्हणून ओल वाढवायची तर उबेत क्षणाची हयगय चालत नाही.

खोक्याच्या एका टोकाला ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा चिनीमातीच्या होल्डरमध्ये पक्का टांगला. एल.ई.डी. दिव्याची ऊब या कामी पुरत नाही. दिव्याखाली कासवाच्या पाठीच्या उंचीवर ३५ ते ३७ अंश सेल्सिअस भरावे, अशा बेताने त्याची उंची ठरवली. हा दिवा दिवसाचे बारा तास. दुसऱ्या टोकाला सुमारे २७ अंश राहिले म्हणजे पिलाला हवे तेव्हा बाजूला होता येते. रात्री पिलाला अंधार हवा आणि ऊबही हवी. त्यासाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक तापक थर्मोस्टॅटला जोडला आणि रात्रीही २७ अंशांच्या खाली उतरू दिले नाही.

पिलू येण्याआधी आठ दिवस हे सारे रिकामेच चालवून पाहिले. ते किती योग्य झाले, हे पहिल्याच रात्री कळले. झाकणाला टांगलेला तापमापक ३१ अंश दाखवीत होता आणि आम्ही समाधानाने झोपणार, तोच भाच्याने दुसरा तापमापक भुशावर ठेवून पाहिला. तिथे २४ अंश! कासव झाकणाला लोंबकळत नाही, ते जमिनीवर राहते. तेव्हापासून मोजमाप सारे जमिनीलगतचेच.

आर्द्रतामापकात ८० टक्क्यांच्या आसपास आकडा असावा. त्यासाठी सतत शिंपडत बसावे लागत नाही. खोक्याच्या कोपऱ्यांतून कोमट पाणी हळूहळू ओतावे. ते तळच्या थरात उतरते. वरचा थर जवळजवळ कोरडा, खालचा ओला, आणि वरून ऊब. म्हणजे खालची ओल आपोआप हवेत येत राहते. पाणी साचून चिखल होता कामा नये.

पाणी आणि वीज एकत्र आली की सावधगिरी दुप्पट हवी. जोडण्या साऱ्या पेटीबाहेर व उंचावर ठेवाव्यात आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. वीज गेली तर पेटीभोवती गोधडी लपेटून हवेची छिद्रे तेवढी मोकळी ठेवावीत आणि गरम पाण्याची रबरी पिशवी कापडात गुंडाळून काचेला बाहेरून टेकवावी.

उजेड, स्नान आणि आहार

कवचासाठी कॅल्शियम हवे आणि ते अंगी लागण्यासाठी अतिनील किरण हवेत. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ते जवळजवळ नसतात. म्हणून पेटीत त्यासाठी मिळणारी खास नळी लावावी आणि ती ठराविक मुदतीने बदलावी. उजेड तसाच दिसला तरी तिची शक्ती ओसरलेली असते. हवा उबदार असेल तेव्हा सकाळच्या कोवळ्या उन्हात, अर्धी सावली असलेल्या टोपलीत, डोळ्यांसमोर १५-२० मिनिटे ठेवणे सर्वांत उत्तम. डोळ्यांसमोर म्हणण्याचे कारण कावळा आणि मांजर.

रोज एकदा २०-३० मिनिटे कोमट पाण्याचे स्नान घालावे. उंच काठाचे, आरपार न दिसणारे घमेले घ्यावे. वरचे व खालचे कवच जिथे जुळते तिथवरच पाणी असावे आणि मान सहज बाहेर राहावी. पिलू त्यात पाणी पिते, मलमूत्र टाकते आणि ताजेतवाने होते. आम्ही पहिले वर्षभर त्याला पाण्यापासून जपले, या विचाराने आजही मन खंतावते.

आहारात मुख्य भाग गवत-पाल्याचा. कोवळी हरळी बारीक चिरून, जास्वंदीची पाने व फुले, तुतीचा पाला, काटे काढलेली निवडुंगाची फणी. सारे औषध न फवारलेले असावे. आठवड्यातून दोनदा चिमूटभर कॅल्शियमची पूड घालावी. समुद्रफेसाचा तुकडा पेटीत ठेवला तर पिलू स्वतःच कुरतडते. पालक नेहमी नको, फळे नकोत. दूध-पोळी, वरण-भात तर मुळीच नको. प्रेमाने दिलेला घास प्रत्येक जिवाला पचतोच असे नाही.

कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याच्या अंगावर पोटाचे विकार करणारे जंतू असू शकतात. त्याचे घमेले स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये आणि अगदी लहान मुलांच्या हाती पिलू देऊ नये. नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, डोळे मिटून पडून राहणे, खाणे सोडणे, यांपैकी काही दिसले तर घरगुती उपाय करीत न बसता पशुवैद्य गाठावा.

पुढच्या सत्तर वर्षांचा विचार

शेवटी एक प्रश्न, जो आम्हाला आधी कुणी विचारला नाही. लिंबाएवढे हे पिलू मोठेपणी ४०-५० किलोचे होते, अंगण खणून काढते आणि सत्तर वर्षे वा त्याहून अधिक जगू शकते. काचपेटी हा त्याचा केवळ पाळणा आहे. पुढे ऊन, आवार आणि थंडीत उबदार खोली द्यावी लागते. सदनिकेत राहणाऱ्याने हे आधीच ओळखून मोह आवरावा. आमच्या वाड्याला परस आहे म्हणून निभावले. तरीही माझ्यामागे, आणि कदाचित माझ्या मुलाच्याही मागे, त्याला कोण सांभाळणार, हे आम्ही घरात बसून ठरवून ठेवले आहे.

इंदूरच्या पिलाचे वजन भाचा दर रविवारी वहीत टिपतो आणि मला कळवतो. परवा त्याने छायाचित्र पाठवले. पाठीवरच्या प्रत्येक खवल्याभोवती नव्या वाढीची पांढुरकी रेघ आणि सारी पाठ सपाट. ते पाहून मी परसात गेले. आमचे कासव जास्वंदीखाली ऊन खात होते. त्याच्या पाठीवरचे डोंगर जिथल्या तिथे आहेत, ते जन्मभर राहतील. पण आम्ही चूक सुधारल्यानंतर जी वाढ झाली, ती त्या डोंगरांच्या पायथ्याशी सपाट पसरली आहे. तिच्यावरून मी हलकेच हात फिरवला. त्याने मान आत घेतली नाही.