घरी सोडल्यानंतरची शुश्रूषा : खर्च कशाचा आणि आधार कोणाचा?

वार्षिक अहवालात शस्त्रक्रिया, तपासण्या आणि व्यापलेल्या खाटा यांचे आकडे दिले जातात. रुग्ण घरी गेल्यानंतर त्याला कुशीवर कोण वळवते, रात्री दोन वाजता शौचाला कोण नेते आणि त्यासाठी कुटुंब काय मोजते, हे मात्र कोणत्याच रकान्यात येत नाही. वृद्ध रुग्णाच्या बाबतीत खर्चाचा मोठा भाग नेमका इथेच असतो. रुग्णांचे नातेवाईक आम्हांस याविषयी वारंवार विचारतात. त्यांना उपयोग व्हावा आणि देणगीदारांनाही या गरजेचे स्वरूप कळावे, म्हणून हे विवेचन.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९८८ स्त्रिया होत्या. राज्याचे प्रमाण ९२९ होते. हा आकडा वरवर सुखावह वाटतो, परंतु त्यामागे पोटासाठी मुंबई-पुण्याला गेलेल्या कर्त्या पुरुषांची अनुपस्थितीही आहे. पाटण, जावळी, माण, खटाव येथून पूर्वी माणसे गिरणीत आणि माथाडी कामाला गेली. पुढची पिढी पुण्याच्या कारखान्यांत आणि संगणक कंपन्यांत गेली. विश्रामबागेतल्या बंगल्यात काय किंवा डोंगराकाठच्या वाडीत काय, मागे राहिली ती दोन म्हातारी माणसे. त्यांतील एक अंथरुणाला खिळले की दुसरे आपोआप परिचारक होते, मग त्याचे स्वतःचे वय अठ्ठ्याहत्तर का असेना.

खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णाचे उदाहरण घेऊ. शस्त्रक्रिया शासकीय योजनेत बसली तर रुग्णालयाचे देयक बहुतांशी भागते. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले, ही मोठीच सोय झाली. तथापि हे संरक्षण रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांपुरते आहे आणि घरी गेल्यावर पुढील १५ दिवसांच्या औषधोपचारापर्यंत पोहोचते. रुग्णाला मात्र पुन्हा स्वतःच्या पायावर चालू लागण्यास काही महिने लागतात. पक्षाघाताच्या रुग्णास त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची शुश्रूषा तर वर्षानुवर्षे चालते.

या काळातला मुख्य खर्च औषधांचा नसून माणसाच्या वेळेचा आहे, ही गोष्ट कुटुंबांच्या लक्षात बहुधा उशिरा येते. ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही त्याला साधारणतः दर दोन तासांनी वळवावे लागते, म्हणजे दिवसातून बारा वेळा. हे चुकले की पाठीवर, माकडहाडाशी जखमा होतात, आणि अशा एका खोल जखमेमुळे पुन्हा रुग्णालयात यावे लागते. त्यासाठी ब्युरोमार्फत मदतनीस ठेवायचे तर हिशेब सोपा आहे. समजा, बारा तासांच्या पाळीस ६०० रुपये पडले, तर महिन्याचे १८,००० होतात. दिवस व रात्र अशा दोन पाळ्यांचे ३६,०००. प्रत्यक्ष दर गावागणिक आणि कामागणिक बदलतो. नाकातल्या नळीने अन्न द्यायचे किंवा लघवीची नळी सांभाळायची असेल तर वाढतो. डायपर, मलमपट्टी, फिजिओथेरपी हे सारे निराळे. याच्या शेजारी निवृत्तिवेतन ठेवून पाहावे. साखर कारखाने, सूतगिरण्या, सहकारी संस्था यांतून निवृत्त झालेले आपल्याकडचे असंख्य लोक १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेवर अवलंबून आहेत. त्या योजनेतील किमान रक्कम २०१४ साली ठरली, ती दरमहा १,००० रुपये.

ज्या घरात मदतनीस ठेवला जात नाही तिथे हा खर्च होत नाही, असे समजू नये. तिथे तो सून किंवा लेक भरते. नोकरी सोडून, किंवा रोजगाराचा खाडा करून. तो कोणी मांडत नाही, इतकेच.

‘मग वृद्धाश्रमात ठेवले तर?’ हा पुढचा प्रश्न असतो. राज्य शासनाची वृद्धाश्रम योजना १९६३ पासून आहे आणि १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. परंतु बहुतेक वृद्धाश्रम स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्या वृद्धांसाठी असतात. अंथरुणाला खिळलेल्यांना तेथे सहसा प्रवेश मिळत नाही, आणि नेमकी गरज त्यांचीच असते. पुण्यात ‘अथश्री’सारखी ज्येष्ठांसाठीची संकुले उभी राहिली, तिथे घर घेणे आपल्या भागातील सामान्य कुटुंबास परवडण्याजोगे नाही. खाजगी शुश्रूषागृह निवडताना मासिक शुल्काच्या आकड्यावर थांबू नये. अनामत रक्कम परत मिळते का, रात्री जागे राहणारे माणूस किती रुग्णांमागे एक, प्रकृती खालावल्यास ठेवून घेतात की घरी पाठवतात, डायपर व औषधांचे वेगळे पैसे लागतात का, हे लेखी विचारावे. सांगलीत आणखी एक प्रश्न विचारणे भाग आहे. वृद्धांना तळमजला सोयीचा. पण ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत गेली आणि २०२१ साली पुन्हा पूर आला. न चालणाऱ्या माणसाला पुरात वरच्या मजल्यावर कोण आणि कसे नेणार, याचे उत्तर ज्यांच्याजवळ नाही तेथे रुग्ण ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दीर्घ शुश्रूषेची कल्पना या भागाला नवी नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशन रुग्णालय सुरू केले. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांचेच नाव चालवते. पाचगणीस डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ च्या सुमारास क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. रोग्याने महिनोन्‌महिने राहायचे, विश्रांती आणि आहार घ्यायचा, हाच तेव्हा उपचार होता. प्रभावी औषधे आली आणि ती गरज संपली, हे चांगलेच झाले. आज मिरजेत गल्लोगल्ली रुग्णालये आहेत, मात्र बरे होण्यासाठी काही आठवडे राहता येईल अशी जागा शोधावी लागते.

खर्च कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे परावलंबनाचा काळ कमी करणे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी परवानगी देताच, बहुधा दुसऱ्याच दिवशी, रुग्णाला उभे करावे. पक्षाघातात पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वाधिक वेगाने होते, म्हणून पैसे वाचवायचे तर ते फिजिओथेरपीत वाचवू नयेत. ‘वय झाले, आता पडू दे निवांत’ हा मायेचा सल्ला रुग्णाला कायमचे अंथरुणाला बांधतो. खाट, एअर बेड, वॉकर, कमोडची खुर्ची या वस्तू विकत घेण्यापूर्वी परिसरातील रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात चौकशी करावी. अनामत रक्कम ठेवून नाममात्र भाड्याने त्या मिळतात. मदतनीस एकाच पाळीपुरता ठेवायचा असेल तर ज्या वेळी घरचे माणूस सर्वांत थकलेले असते ती पाळी निवडावी. अनेक घरांत ती रात्रीची असते.

शासकीय आधार तुटपुंजे आहेत, तरी ते सोडू नयेत. ६५ वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ योजनेत २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करावा. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. तपासणीसाठी येताना ७५ वर्षांवरील रुग्णास एस.टी.चा प्रवास २०२२ पासून विनामूल्य आहे. धर्मादाय रुग्णालयांत, २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार, १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. त्या मागून घेण्यात कमीपणा नाही. तो रुग्णाचा हक्क आहे.

शेवटी एक नाजूक विषय. आजारपणात घाईने घर किंवा जमीन मुलांच्या नावे केली जाते. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्यानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास परत मिळविता येते. म्हणून बक्षीसपत्रात ती अट स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. निर्वाहाचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करता येतो. निर्वाहाची कमाल रक्कम दरमहा १०,००० रुपये आहे. वरच्या हिशेबातील एका पाळीचा खर्चही तीत भागत नाही.

देणगीदारांना आमची विनंती या हिशेबातूनच निघते. यंत्रसामग्रीसाठी दिलेल्या देणगीचे नाव भिंतीवर लागते आणि ते योग्यच आहे. त्याचबरोबर दोन-चार एअर बेड, काही वॉकर, आणि नातेवाइकांना रुग्ण वळविणे, उचलणे, नळीने अन्न देणे शिकविणाऱ्या एका परिचारिकेचे वेतन, एवढ्यासाठीही कोणी हात पुढे केला तर तो थेट रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचेल. नातेवाइकांनी घरी सोडण्याची तारीख ठरण्याची वाट न पाहता, दाखल झाल्यापासून तीन-चार दिवसांतच वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. येताना रुग्णाचे आधार कार्ड, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि निवृत्तिवेतनाचे पासबुक आणावे, आणि घरी रात्री कोण असते हे खरे सांगावे.